आपला, भिंतीवरचा

आधीच सांगून टाकते, मला त्या माणसाची दया आली नाही आणि कधी येणारही नाही. झालं गेलं विसरून जावं म्हणणारी माणसं मला भेटतात. त्यांना मी म्हणते, तुमचं काही गेलेलं नसतं म्हणून तुम्हाला विसरणं परवडतं. मी एकोणीस वर्षं पाण्याच्या फिल्टरच्या कंपनीत स्पेअर पार्टच्या खिडकीवर बसते. नळ, वॉशर, पाइप, कँडल, जे गळतं आणि तुटतं ते सगळं माझ्या हातातून जातं. माझं तोंड फटकळ आहे, पण जे डोळ्यांनी बघते तेच बोलते.

गोष्ट माझी नाही, आमच्या टेलिफोनताईची आहे. माझ्या खिडकीच्या समोरच तक्रारींच्या फोनचं टेबल आहे, तिथे ती बारा वर्षं बसते. काळा फोन, एक जुना कॉम्प्युटर, खुर्चीला मागे बांधलेली उशी. दिवसभर लोकांच्या शिव्या खायच्या आणि वर 'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल' म्हणायचं. माझ्यावर असं काम आलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी तुरुंगात असते. तिला मात्र देवानं एक गोष्ट दिली होती. भांडायला फोन केलेला माणूस हसून फोन ठेवायचा.

आमच्या फिल्टरची कँडल सहा महिन्यांनी बदलावी लागते. त्याची आठवण म्हणून कंपनी गिऱ्हाइकांना मेल पाठवायची. 'प्रिय ग्राहक, आपल्या उपकरणाची नियतकालिक देखभाल देय झाली आहे.' कोण वाचणार ते? माझा नवरासुद्धा न वाचता उडवायचा, आणि आमच्या घरातला निम्मा किराणा या कंपनीच्या पगारावर चालतो. मग काळी कँडल, घाण पाणी, आणि टेलिफोनताईला फोन. तुम्ही कळवलंच नाही म्हणून.

एके दिवशी तिनं वैतागून मालकांना विचारलं, मेल मी लिहू का. मालक म्हणाले, लिहा, नाहीतरी कोण वाचतंय. तिनं लिहिला. वरती मथळा होता, 'तुमच्या फिल्टरचा राजीनामा'. आत लिहिलं होतं:

'सहा महिने तुमच्या घरातली घाण मुकाट्याने पोटात घालतोय. कुठे बोललो नाही. पण आता माझी कँडल काळी पडली आहे आणि घरातली माणसं माझ्याकडे बघून बाटलीचं पाणी पितात. एवढा अपमान मला सोसत नाही. आठ दिवसांत कँडल बदला, नाहीतर मी गळायला लागेन. आणि गळेन तो पाहुणे आल्यावरच. आपला, भिंतीवरचा.'

त्या आठवड्यात माझ्याकडच्या कँडली संपल्या. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. लोक फोन करून विचारायचे, भिंतीवरचा आहे का, त्याला सांगा बदलतोय, रागावू नको म्हणावं. मग दर गुरुवारी सकाळी दहाला मेल जायला लागला. एकदा भिंतीवरच्यानं लिहिलं, घरात जावई आणि मी दोघंही भिंतीला टेकून असतो, फरक इतकाच की मी पाणी तरी देतो. त्यावर एका जावयाचं दोन पानी उत्तर आलं आणि त्याच्या सासूचं तीन पानी. साठ हजार घरांत तो मेल जायचा. खाली बारीक अक्षरात एक ओळ असायची, 'लेखन: टेलिफोन डेस्क'. नावसुद्धा नव्हतं तिचं. तेवढ्यावरच ती खूश होती.

आता तिच्या बाबांबद्दल सांगते, कारण खरी गोष्ट त्यांचीच आहे. ते बस चालवायचे. तीस वर्षं, एकही अपघात नाही. बायको लवकर गेली, मुलगी एकटीनं वाढवली, तिचं लग्न मोडलं तेव्हा स्वतः जाऊन तिची पेटी उचलून घरी आणली. दोघंच राहतात, चौथ्या मजल्यावर. प्रत्येक मेल बुधवारी संध्याकाळी आधी बाबांना जायचा. ते तो मोठ्यानं वाचायचे, मागच्या सीटवरच्याला ऐकू जाईल अशा आवाजात. जिथे अडखळतील तिथे ती ओळ कापायची. त्यांचा एक नियम होता, तो ती मला नेहमी सांगायची. विनोद म्हणजे वळण, पोरी. प्रवाशाला धक्का बसला पाहिजे, पण कुणी पडता कामा नये.

गुरुवारी ते तोच मेल इमारतीखालच्या बाकावर चार म्हाताऱ्यांना वाचून दाखवायचे. अख्ख्या इमारतीत आमचेच फिल्टर, तिनंच बसवून दिलेले, म्हणजे मेल सगळ्यांनाच यायचा. तरी सगळे ऐकायला बसायचे. शेवटी बाबा म्हणायचे, माझ्या मुलीनं लिहिलंय. दर गुरुवारी, न चुकता. कारण तोपर्यंत बाबांना विसरायला व्हायला लागलं होतं, आणि मागच्या गुरुवारी सांगितलंय हे त्यांच्या लक्षात नसायचं.

असं दोन वर्षं चाललं. मग आमच्याकडे मार्केटिंगचे साहेब आले. आम्ही त्यांना अत्तर म्हणायचो. माणूस जिन्यात असताना वास माझ्या खिडकीपर्यंत पोचायचा. आल्या आल्या त्यानं टेलिफोनताईचं इतकं कौतुक केलं की मला तेव्हाच संशय आला. फुकट गूळ वाटणाऱ्याच्या हाताकडे बघावं, तोंडाकडे नाही. आधी म्हणाला, मेल पाठवायच्या आधी मला एकदा दाखवत जा. मग म्हणाला, तुमची ती निळी वही द्या ना, सुचलेलं लिहून ठेवता ती, मी फक्त नजर टाकतो. हिनं दिली. भोळी बया. वहीत तीसएक न वापरलेले विनोद होते. पुढच्या गुरुवारी मेलखालची ती बारीक ओळ गेली. त्याच्या पुढच्या आठवड्यात त्यानं सांगितलं की हे काम आता मार्केटिंग करेल, तुम्ही फोनवर लक्ष द्या. तुमच्याकडे बुधवारी मेल येईल, त्यातला फोन नंबर बरोबर आहे ना, एवढं बघून कळवायचं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा.

ते तीस विनोद त्यानं क्रमानं वापरले, दर गुरुवारी एक. व्यापाऱ्यांच्या कुठल्याशा संघटनेनं त्याला प्रमाणपत्र दिलं, मालकांनी ते फ्रेम करून स्वतःच्या केबिनमध्ये लावलं. 'संकल्पना आणि लेखन', पुढे त्याचं नाव. मी तिला म्हटलं, जा, मालकांना सांग. ती म्हणाली, जाऊ दे, लोक हसतायत ना. आणि बाबांना तिनं सांगितलंच नाही, बुधवारी नंबर बघायला आलेला मेल पहिल्यासारखाच त्यांच्याकडून वाचून घ्यायची. सांगणार तरी कसं? ते बाकावर बसून तेच मेल वाचत होते आणि शेवटी तेच वाक्य म्हणत होते.

मग वही संपली. अत्तराच्या डोक्यात स्वतःचं काही उगवत नव्हतं, म्हणून त्यानं पॅन्ट्रीत कान लावायला सुरुवात केली. आम्ही डबे खायला बसलो की हा कॉफीच्या मशीनपाशी उभा, हातात मोबाइल, बोटं चालू.

एका दुपारी टेलिफोनताईनं मला बाबांची गोष्ट सांगितली. आदल्या दिवशी बाबा खाली फिरायला गेले आणि येताना चौथ्याऐवजी तिसऱ्या मजल्यावर शिरले. दार उघडं होतं. जाऊन खुर्चीत बसले, पेपर उघडला, चहा मागितला. त्या घरातली बाई समजूतदार. तिनं काही न बोलता चहा केला. चहा पिताना बाबा म्हणाले, आज घर जरा वेगळं लावलंय वाटतं. आणि तुमच्या फिल्टरची कँडल काळी झालीय, माझ्या मुलीला फोन करा. हे सांगताना ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग हसणं थांबलं तरी पाणी थांबेना. मी तिचा हात धरून बसले. मागे कॉफीचं मशीन चालू होतं. माझं तिकडे लक्ष गेलं नाही याचा मला अजून राग येतो.

तो बुधवारचा मेल तिच्या टेबलावर आलाच नाही. गुरुवारी सरळ गेला. मथळा होता, 'घर चुकलेले आजोबा'. वर चित्र, ड्रायव्हरची टोपी घातलेला म्हातारा, डोक्याभोवती प्रश्नचिन्हं. आणि मजकूर असा, मी विसरलेली नाही:

'एक निवृत्त ड्रायव्हर. तीस वर्षांत रस्ता चुकला नाही. परवा स्वतःचं घर चुकला. खालच्या मजल्यावर बसून चहा प्याला आणि म्हणाला, आज घर वेगळं लावलंय. आजोबांच्या डोक्यातली कँडल आता बदलता येणार नाही. तुमच्या फिल्टरची येते. आजच फोन करा.'

बाबांनी तो बाकावर मोठ्यानं वाचला. पहिल्या ओळीला एक जण म्हणाला, अरे, हा तर तुमच्यासारखाच. दुसऱ्या ओळीला दुसरा हसला आणि मग त्याला कळलं आणि तो गप्प झाला. बाबांचा आवाज खाली खाली गेला, पण त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. अर्ध्या रस्त्यात गाडी सोडून उतरायची नाही, ही त्यांची सवय. त्या दिवशी शेवटचं वाक्य मात्र ते म्हणाले नाहीत. मोबाइल खिशात घातला आणि वर आले.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा ते दिवा न लावता बसले होते. म्हणाले, "पोरी, या गाडीतून मी पडलो की गं."

तिनं त्यांना सगळं सांगितलं. आठ महिन्यांपासून मी लिहीत नाही, हे दुसऱ्याचं काम आहे, माझी शपथ. त्यांनी मान हलवली, पटलं. आणि दोन दिवसांनी पुन्हा विचारलं, तू माझ्यावर का लिहिलंस? तिनं पुन्हा सांगितलं. पुन्हा पटलं. पुन्हा दोन दिवसांनी तेच. बघा कसं असतं. माणूस सकाळी काय खाल्लं ते विसरत होता, चष्मा विसरत होता, बायकोचं नाव एकदा विसरला. तो मेल मात्र विसरला नाही. आणि तिनं दिलेलं उत्तर तेवढं नेमकं विसरायचा.

त्याहून वाईट पुढे झालं. बाबा बाकावर जायचे बंद झाले, आणि तिच्याशी मोकळं बोलेनासे झाले. आधी काही चुकलं तर स्वतःच हसत सांगायचे, आज किल्ली बुटात ठेवली होती बघ. आता लपवायला लागले. गॅस चालू राहिला तर खिडक्या उघडून गप्प बसायचे. ती घरात आली की तोंड मिटून नीट बसायचे, परक्या माणसासमोर बसावं तसं. न जाणो, उद्या मेलमध्ये यायचं. स्वतःच्या मुलीला घाबरायला लागले ते. हे तिनं मला सांगितलं तेव्हा हसली नाही.

ती अत्तराकडे गेली होती. तो म्हणाला, अहो मॅडम, पर्सनल घेऊ नका, आकडे बघा, इतका उघडला गेलेला मेल आजवर नाही. मग ती मालकांकडे गेली. मालक पॅन्ट्रीत चहा घेत होते, तिला बघताच म्हणाले, काय तो ड्रायव्हर, घरी जेवताना वाचून दाखवला मी सगळ्यांना. ती म्हणाली, ते माझे वडील आहेत. मालक म्हणाले, "अहो, मग बाबांना मानधन द्यायला हवं." आणि स्वतःच हसले. मागे अत्तरही हसला. मी तिथेच होते. माझ्या हातात पाइप कापायची कात्री होती, ती मी खाली ठेवली.

सोमवारी ती माझ्या खिडकीशी आली. चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ. मी म्हटलं, त्याची नोकरी घालवायची का? ती म्हणाली, नोकरी गेली तर दुसरी लागेल त्याला. "मला त्याची सही हवी. हे मी लिहिलं, तिनं नाही, असं त्याच्या हातचं, त्याच्या नावानं. बाबांना दाखवायला." मग म्हणाली, आणि तो मालक माझ्या बाबांवर ज्या तोंडानं हसला ना, ते तोंड मला एकदा उतरलेलं बघायचंय. मी म्हटलं, सांग, काय करायचं. बारा वर्षांत मला ती पहिल्यांदा आवडली असं नाही, पण त्या दिवशी जास्त आवडली.

आता मालकांच्या आईबद्दल. पंच्याऐंशीच्या आहेत. दर मंगळवारी अकरा वाजता तक्रारीच्या नंबरवर त्यांचा फोन येतो. तक्रार एकच, घरच्या फिल्टरची कँडल तीन वर्षं बदललेली नाही, कारण मुलगा म्हणतो, आपलीच कंपनी आहे, उद्या पाठवतो माणूस. दिव्याखाली अंधार. मेकॅनिक पाठवू का विचारलं तर म्हणतात, नको, मग तुला फोन कशाला करू? तक्रार झाली की अर्धा तास गप्पा. त्यातून टेलिफोनताईला एक गोष्ट कळलेली होती, ती तिनं बारा महिने पोटात ठेवली होती, मलासुद्धा सांगितली नव्हती. मालक रोज सकाळी अंघोळीनंतर टॉवेल गुंडाळून आरशासमोर उभे राहतात, शांपूची बाटली दोन्ही हातांत धरतात आणि मोठ्या उद्योजकाचा पुरस्कार स्वीकारतात. भाषण करतात. भाषणात तीनदा म्हणतात, मी साधा माणूस आहे. तिसऱ्यांदा गळा दाटून येतो. एकदा टॉवेल सुटला, पण भाषण थांबलं नाही.

'मी साधा माणूस आहे' हे वाक्य आमच्या प्रत्येक माणसाला पाठ आहे. वर्षातून एकदा विक्रेत्यांचा मेळावा होतो, तिथे मालक ते तीनदा म्हणतात. मागच्या रांगेत मेकॅनिक बोटांवर मोजतात. फक्त अत्तराला ते माहीत नव्हतं, कारण मागचा मेळावा झाल्यावर तो आला होता आणि पुढचा अजून व्हायचा होता.

मंगळवारी आईंचा फोन आला तेव्हा टेलिफोनताईनं त्यांना सरळ सगळं सांगितलं. चोरून काही करायचं नाही असं तिचं म्हणणं. घर चुकलेले आजोबा माझे वडील आहेत, ते आता माझ्याशी बोलत नाहीत, आणि मला ती टॉवेलची गोष्ट पॅन्ट्रीत सांगायची आहे, एक माणूस ऐकत असताना. तुम्ही नाही म्हणालात तर नाही सांगणार.  आई म्हणाल्या, त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर सगळे हसले, नातवंडंसुद्धा, आणि मी ताटात बघत बसले. गेल्या महिन्यात माझा चष्मा फ्रिजमध्ये सापडला. उद्या माझ्यावरही मेल निघेल. त्यांनी विचारलं, त्याला लागेल का गं? ही म्हणाली, लागेल. आई म्हणाल्या, "सांग मग. टॉवेलसकट सांग."

दुसऱ्या दिवशी डबे उघडले. कॉफीचं मशीन सुरू झालं, वास आला. टेलिफोनताई मला म्हणाली, माझा एक मामा आहे, दुकानदार. आणि तिनं ती गोष्ट जी सांगितली! मला नाटक येत नाही, मी घाबरले होते की मला हसता येणार नाही. पण शांपूची बाटली तिनं पाण्याच्या बाटलीवर करून दाखवली, मामाचा दाटलेला गळा काढला, सुटलेला टॉवेल एका हातानं शोधत दुसऱ्या हातानं सभेला नमस्कार केला, आणि मी खुर्चीवरून घसरले. तीनदा ती म्हणाली, मी साधा माणूस आहे. तीनच वेळा, चौथ्यांदा नाही. मशीनपाशी बोटं चालू होती.

पुढच्या बुधवारी मेल तिच्या टेबलावर आला. ड्रायव्हरचा मेल लपवला होता, हा लपवायचं त्याला कारण वाटलं नाही, मामाच तर होता. मथळा होता, 'टॉवेलमधले सत्कारमूर्ती'. शेवटी लिहिलं होतं, अशी साधी माणसं आपल्याही ओळखीची असतील, त्यांना आमचं स्वच्छ पाणी पाजा. तिचं काम काय? फोन नंबर बघायचा. तिनं तो दोनदा बघितला आणि कळवलं, नंबर बरोबर आहे.

गुरुवारी दहाला मेल गेला. सव्वादहाला पहिल्या विक्रेत्याचा फोन आला. त्याला बोलता येत नव्हतं, नुसता हसत होता. साडेदहापर्यंत वर्कशॉपमधले सगळे मेकॅनिक हातातलं काम टाकून उभे होते आणि एक जण पाना धरून भाषण करत होता. पावणेअकराला मालकांच्या भावानं तो मेल त्यांनाच पाठवला, वर लिहून, दादा, टॉवेल सांभाळ. अकराला मालक केबिनच्या बाहेर आले. तोंड उतरलं होतं. मी मन भरून बघून घेतलं.

अत्तराला आत बोलावलं, मग टेलिफोनताईला. मी सहीला म्हणून कागद घेऊन मागोमाग शिरले, मला कुणी बाहेर काढलं नाही. मालकांची गंमत अशी झाली होती की त्यांना धड ओरडता येत नव्हतं. ओरडावं तर कबूल केल्यासारखं होतं. ते नुसते म्हणत होते, हे काय आहे, हे काय आहे. अत्तराला तेवढ्यात कुणीतरी जिन्यात सांगितलं होतं. पांढराफटक पडला होता. लगेच म्हणाला, सर, हे माझं नाही, या मॅडमनी सांगितलेली गोष्ट आहे. मालकांनी भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट केलं आणि विचारलं, मग लेखन कुणाचं? त्याला 'माझं' म्हणवेना आणि 'तिचं' म्हणवेना.

टेलिफोनताई शांतपणे म्हणाली, मी मामाची गोष्ट डबा खाताना सांगितली. मेलमध्ये घाला असं कुणाला म्हटलं नाही. बाबांची गोष्टही अशीच सांगितली होती.

मालक म्हणाले, कुणाच्या घरातलं असं चव्हाट्यावर आणायचं असतं का?

"तेच मी मागच्या महिन्यात विचारायला आले होते," ती म्हणाली. "तुम्ही मानधन देणार होतात."

 तेवढ्यात मालकांचा मोबाइल वाजला. आईंचा होता. मालक नुसते 'हो आई' म्हणत होते, आठ-दहा वेळा. फोन ठेवून त्यांनी अत्तराला सांगितलं, पुढच्या गुरुवारी माफीचा मेल जाईल, साठ हजार घरांत, दोन्ही गोष्टींबद्दल, तुमच्या नावानं. आईंना दाखवून.

अत्तरानं पहिला मसुदा लिहिला, 'अनवधानाने कुणाच्या भावना दुखावल्या गेल्या असल्यास'. मालक तो घरी घेऊन गेले. आईंनी चष्मा लावून वाचला आणि परत पाठवला. म्हणाल्या, कुणाच्या म्हणजे? त्या माणसाला नाव-गाव नाही का? दुसराही परत आला. तिसरा आईंनी मान्य केला, तो बुधवारी टेलिफोनताईच्या टेबलावर आला, नंबर तपासायला. नंबर बरोबर होता. तिनं तरी परत पाठवला. ड्रायव्हरच्या मुलीनं लिहिलेलं नाही, ही ओळ राहिलीय म्हणून. चौथ्यांदा लिहिताना तो माझ्या खिडकीसमोरून गेला, त्या दिवशी त्यानं अत्तर लावलं नव्हतं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मेल असा होता:

'घर चुकलेल्या ड्रायव्हर आजोबांची आणि टॉवेलमधल्या गृहस्थांची अशा दोन्ही गोष्टी मी लिहिल्या. त्या माझ्या नव्हत्या. दुसऱ्यांच्या घरातलं दुःख आणि गुपित मी चोरून ऐकलं आणि न विचारता विकलं. ड्रायव्हर आजोबांच्या मुलीने त्यांच्याविषयी एक अक्षरही लिहिलेलं नाही. त्याआधीचे जे मेल वाचून आपण हसलात, ते मात्र तिने लिहिले होते, आणि तिची ओळ मी पुसली. मी त्या बापलेकीची आणि त्या गृहस्थांची माफी मागतो.' खाली त्याचं पूर्ण नाव. तिच्या सांगण्यावरून कागदावर छापून शाईची सहीसुद्धा घेतली.

महिन्याभरात तो दुसरीकडे गेला. कुठे ते मी विचारलं नाही. गुरुवार तिला परत मिळाला, खाली ओळही आली, आता तिच्या नावासकट. मालक मेळाव्यात बोलले ते दोन मिनिटं, आणि साधा माणूस एकदाही आला नाही. मेकॅनिकांची बोटं मिटलेलीच राहिली.

तो कागद घरी नेला तेव्हा मी तिच्याबरोबर होते. बाबा ओट्याजवळ उभे राहून वाचत होते, ओठ हलवत. दोनदा वाचला. मग तिच्याकडे बघून म्हणाले, "म्हणजे तू नव्हतीस." ती म्हणाली, नाही बाबा. त्यांनी टोपी घातली, कागद घेतला, खाली बाकावर गेले आणि तो असा मोठ्यानं वाचला की तिसऱ्या मजल्यावरची बाई खिडकीत आली. शेवटी म्हणाले, माझ्या मुलीनं नाही लिहिलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पुन्हा विचारलं, तू माझ्यावर का लिहिलंस. तिनं काही सांगितलं नाही. कागद फिल्टरशेजारी भिंतीला चिकटवला होता, त्याकडे बोट केलं. बाबांनी वाचला, पहिल्यांदाच वाचावा तसा. त्या माणसाला एक ड्रायव्हरी शिवी दिली, आणि मग हसत म्हणाले, ऐक, काल मी चष्मा घालूनच चष्मा शोधत होतो.

आता रोज असंच चालतं. रोज सकाळी सात वाजता त्या माणसाची चोरी नव्यानं पकडली जाते आणि रोज त्याचं नाक नव्यानं कापलं जातं. वर्ष झालं. कागद पिवळा पडला, तिनं त्यावर प्लास्टिक लावलं. परवा रविवारी मी सकाळीच गेले होते. बाबांनी वाचला, शिवी दिली, चहाचा घोट घेतला आणि कागदाकडे बघत म्हणाले, "माफी मागितलीय ना बिचाऱ्यानं. सोडून दे गं त्याला आता."

मी तिच्याकडे बघितलं. ती त्यांच्या शर्टाची गुंडी नीट लावत होती, म्हणाली, "उद्या सोडते, बाबा."

ते हे रोज म्हणतात, तिनं मला नंतर सांगितलं. आणि ती रोज हेच उत्तर देते.